पत्र्यावरचे धोंडे: १० जुलैचा धक्का आणि पुढचे पाच महिने

पहिला धक्का आम्ही वाया घालवला, हे आधी सांगते. २१ मार्च २०२४ ला सकाळी सहा वाजून आठ मिनिटांनी शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचा भूकंप झाला आणि दहा-अकरा मिनिटांनी पुन्हा एक, थोडा लहान. यवतमाळ जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यातल्या आमच्या गावात फळीवरची भांडी वाजली, कुत्री भुंकली, माणसं रस्त्यावर आली आणि चहा पिऊन कामाला लागली. त्यानंतर पेपरात प्रशासनाचं आवाहन होतं: घराच्या पत्र्यांवर आधाराला दगड ठेवले असतील तर काढून घ्या. मी ते अंगणवाडीत मदतनीस ताईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. संध्याकाळी घरी आले, ते तेच धोंडे डोक्यावर असलेल्या पत्र्याखाली.

आमच्याकडे निम्म्या गावाचे पत्रे असेच आहेत. वाशांवर पत्रे अंथरायचे, चार खिळे मारायचे आणि उन्हाळ्यातल्या वावधानात उडू नयेत म्हणून वर नदीतले नाहीतर बांधावरचे धोंडे ठेवायचे. आमच्या घरावर एकवीस होते. सासऱ्यांच्या काळापासूनचे. त्यांच्याकडे कोणी धोका म्हणून पाहिलंच नव्हतं.

१० जुलै, बुधवार. हे सहालाच बैल घेऊन डवऱ्याला गेले होते. मुलगी अंगणात दात घासत होती, सासूबाई आत देवापाशी होत्या. मी गॅसवर दूध ठेवून ओसरीत बसून लाडकी बहीण योजनेचे अर्ज तपासत होते. त्या महिन्यात आम्हा अंगणवाडी सेविकांना दुसरं कामच नव्हतं. सात वाजून चौदा मिनिटं. आधी आवाज आला, भरलेला ट्रक घराला खेटून जावा तसा. मग जमिनीतून झटका. पत्रे खडखडले, फळीवरचा पितळी गुंड खाली आला, भिंतीच्या सांदीतून माती भुरभुरली. मी मुलीला ओरडले, “आत ये!” आणि त्याच क्षणी सासूबाईंना ओरडले, “आई, बाहेर या!” दोघींना दोन उलटी वाक्यं. मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं काय करायचं ते.

मुलगी दाराकडे धावली. दारासमोर, वळचणीखाली, तिच्यापासून दोन हातांवर पत्र्यावरचा धोंडा घरंगळत येऊन पडला. जिथं सासूबाई रोज दुपारी तांदूळ निवडायला बसतात, बरोबर तिथं. मातीत चार बोटं खड्डा पडला. सगळं मिळून दहा-बारा सेकंद झाले असतील.

त्या धोंड्याचं पुढं काय केलं ते सांगते. दुपारी मी तो पोत्यात घालून अंगणवाडीत नेला आणि लेकरांच्या वजनाच्या लटकत्या काट्याला लावला. नऊ किलो दोनशे ग्रॅम. आमच्या रजिस्टरमध्ये वर्षभराच्या चांगल्या सुदृढ बाळाचं वजन एवढं असतं. ज्या काट्यावर मी रोज लेकरं तोलते, त्याच काट्यावर तो आकडा पाहून माझे हातपाय गळाले. पण गावातल्या बाया धोंडे काढायला तयार झाल्या त्या या आकड्यामुळंच. पेपरातल्या आवाहनानं जे चार महिन्यांत झालं नाही ते काट्यानं केलं.

धक्का थांबल्यावरच्या अर्ध्या तासात काय केलं, ते क्रमानं लिहिते. गॅसचं रेग्युलेटर बंद केलं, मग विजेचा मेन स्विच खाली पाडला. सासूबाईंना आणि मुलीला घेऊन समोरच्या मोकळ्या खळ्यात गेले, भिंती आणि विजेच्या तारांपासून लांब. यांना फोन लावला, लागेना. सगळं गाव एकाच वेळी फोन लावत होतं. साधा मेसेज टाकला, “आम्ही ठीक, खळ्यात आहोत”, तो मात्र पोचला. तेव्हापासून घरात नियम केला आहे: अशा वेळी फोन लावत बसायचं नाही, मेसेज टाकायचा आणि लाइन मोकळी ठेवायची.

धूळ खाली बसल्यावर दिसलं की बैल बांधतो त्या कोठ्याची मागची भिंत बाहेरच्या बाजूला पूर्ण पडली होती. दगड-मातीची जुनी भिंत, आठवडाभराच्या पावसानं भिजलेली. बैल शेतात होते म्हणून वाचले. घराच्या उत्तरेच्या भिंतीला वरून खालपर्यंत तडा गेला होता, करंगळी आत जाईल एवढा. सासूबाई त्या तड्याला हात लावून म्हणाल्या, “किल्लारीलेही अशाच भिती होत्या वं माय.” ३० सप्टेंबर १९९३ ची ती पहाट त्यांना आठवते. गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीत हजारो माणसं झोपेत गेली. मातीत बांधलेल्या जाड दगडी भिंती आणि वरचं मातीचं जड छत, यांनीच बहुतेकांचा जीव घेतला. आमचं घर वरून पत्र्याचं असलं तरी खालून तसंच आहे.

आठच्या सुमाराला नेट आलं. तालुक्याच्या ठिकाणी शिकणाऱ्या भाच्यानं मला राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राचं ‘भूकंप’ नावाचं ॲप टाकायला सांगितलं. त्यात सगळं होतं: वेळ ७.१४, तीव्रता ४.५, खोली १० किलोमीटर, ठिकाण हिंगोली. पुढं बातम्यांत कळमनुरी तालुक्यातल्या रामेश्वर तांड्याचं नाव आलं. एवढी चार ओळींची माहिती हातात आल्यावर माझी धडधड थांबली. तोवर गावात कोणी सहाचा म्हणत होतं, कोणी आठचा. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘सुरक्षा आणि आणीबाणी’ या भागात भूकंपाची सूचना चालू करायचीही सोय आहे. २०२३ पासून ती भारतात मिळते. माझ्या फोनमध्ये ती त्या दिवशी बंद होती. चालू करायला अर्धा मिनिट लागतो.

अंगणवाडीत त्या दिवशी लेकरं खोलीत बसवली नाहीत, लिंबाखाली बसवली. इमारत सिमेंटची आहे, तडा नव्हता. पण खाऊच्या डब्यांचं लोखंडी कपाट भिंतीपासून वीतभर पुढं सरकलं होतं, आणि लेकरं बरोबर त्याच्यापुढंच बसतात. सुट्टीचा दिवस असता तर आम्ही ते मागं ढकलून विसरलो असतो. दोन पट्ट्या आणि चार स्क्रू, १४० रुपये, कपाट भिंतीला आवळलं. पर्यवेक्षिका मॅडमना कळवलं, त्यांनी बाकीच्या अंगणवाड्यांनाही सांगितलं. लेकरांना एक खेळ शिकवला, “कासव”. टाळी वाजली की गुडघ्यावर खाली, डोकं खाली, दोन्ही हात मानेवर. तीन वर्षांची पोरंही दोन दिवसांत शिकली.

धक्का दहा सेकंदांचा होता, भीती मात्र संध्याकाळी आली. साडेसहाला गावाच्या ग्रुपवर एक संदेश: रात्री दोन वाजता याहून मोठा भूकंप येणार, शास्त्रज्ञांचा इशारा. त्यामागोमाग एक व्हिडिओ, काळं पाणी घरं आणि गाड्या वाहून नेतंय, आणि खाली मराठीत लिहिलेलं, “वरचं धरण फुटलं, पाणी निघालं.” आमचं गाव पैनगंगेच्या काठचं. नदीकडच्या वस्तीत बायांनी गाठोडी बांधायला घेतली. एक म्हातारे काका मला विचारायला आले, “बाई, ते सुनामी का काय म्हणतेत, ते इथलोक येते का?”

मी व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला. एका दुकानाच्या पाटीवर अक्षरं होती, ती ना मराठी ना इंग्रजी. माझे दीर तटरक्षक दलात, अंदमानात पोर्ट ब्लेअरला (आता श्री विजयपुरम) आहेत. त्यांना तो पाठवला. भाऊजींचा लगेच फोन आला: हा जपानचा आहे, ११ मार्च २०११ च्या त्सुनामीचा. तेरा वर्षं जुना.

त्या फोनवर भाऊजींनी मला जे समजावलं, ते मी दुसऱ्या दिवशी जसंच्या तसं अंगणवाडीच्या फळ्यावर लिहिलं. भूकंप कधी येणार हे जगात कोणीच सांगू शकत नाही. तारीख-वेळ सांगणारा संदेश खोटाच. त्सुनामीचं वेगळं आहे. ती बहुतेक वेळा समुद्राखाली मोठा भूकंप झाल्यावर येते, म्हणजे भूकंप आधी आणि लाट नंतर, त्यामुळं मधल्या वेळात इशारा देता येतो. २६ डिसेंबर २००४ ला सुमात्राजवळ ९.१ चा भूकंप झाला. खोल समुद्रात ती लाट जेट विमानाच्या वेगानं जाते, तरी तामिळनाडूच्या किनाऱ्यावर पोचायला तिला सुमारे दोन तास लागले. ते दोन तास होते, पण सांगणारी यंत्रणा नव्हती. वेगवेगळ्या देशांत मिळून दोन लाखांहून जास्त माणसं गेली. त्यानंतर २००७ मध्ये हैदराबादला आपलं त्सुनामी इशारा केंद्र सुरू झालं. समुद्रात खोलवर दाब मोजणारी यंत्रं आणि किनाऱ्यावर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं त्याला जोडलेली आहेत. “पण वहिनी,” भाऊजी म्हणाले, “आम्हाला बेटावर तेवढा वेळ नसतो. इथं जमीन जास्त वेळ हलली, उभं राहवेना, की मेसेजची वाट पाहायची नाही, सरळ उंचावर जायचं. पाणी एकदम मागं हटलं तर बघायला जायचं नाही, पळायचं. आणि पहिली लाट गेली म्हणून खाली उतरायचं नाही, पुढच्या लाटा मोठ्या असू शकतात.” आमच्या गावापासून समुद्र शेकडो किलोमीटर लांब आहे, तरीही हे फळ्यावर लिहिलं. आमची पोरं उद्या मुंबईला, चेन्नईला कामाला जातीलच.

धरणाचं मात्र सरकारी तोंडातूनच कळायला हवं होतं. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७. चौथ्या प्रयत्नाला लागला. ड्यूटीवरच्या माणसानं नीट उत्तर दिलं: धरण सुरक्षित आहे, पाहणी झाली आहे, लहान धक्के येऊ शकतात, वेळ कोणीही सांगू शकत नाही. मी विचारलं, घरात असताना धक्का आला तर आत राहायचं की बाहेर पळायचं? ते म्हणाले, आत असाल तर मजबूत पलंगाखाली-टेबलाखाली जा, डोकं झाका. दाराशीच असाल आणि घर कच्चं असेल तर मोकळ्यात या, पण वळचणीखाली थांबू नका, वस्तू तिथंच पडतात. मुलीपासून दोन हातांवर पडलेला धोंडा माझ्या डोळ्यांपुढं उभा राहिला. पोलीस पाटलांनी हे सगळं मारुतीच्या देवळातल्या भोंग्यावरून दोनदा सांगितलं. गाठोडी सुटली.

तरी त्या रात्री निम्मं गाव बाहेरच झोपलं. आम्हीही, बैलबंडीला ताडपत्री बांधून. जुलैची रात्र, ओल, गवत. पहाटे शेजारच्या अंथरुणाखालून मण्यार निघाली. कोणाला चावली नाही हे नशीब. मला ते दृश्य धक्क्यापेक्षा जास्त भिववून गेलं. बाहेर झोपायचंच असेल तर खाटेवर, मच्छरदाणी चारही बाजूंनी खोचून आणि बॅटरी उशाशी घेऊन झोपा. जमिनीवर झोपू नका. दुसऱ्या रात्रीपासून आम्ही घराच्या दक्षिणेच्या खोलीत, तडा नसलेल्या बाजूला, दाराजवळ झोपलो.

धोंडे ११ तारखेला उतरवले. एकवीसच्या एकवीस. उतरवताना खाली कोणी उभं राहू नये म्हणून अंगणात दोरी बांधली. पण धोंडे काढले की पत्रे वाऱ्यावर, तेव्हा हूक लागेपर्यंत पत्रे बांधायच्या तारेनं वाशांना आवळले. मिस्त्री नऊ दिवसांनी मिळाला. त्यानं वाशांवर चार लोखंडी पाइप टाकले आणि जे-हूक व रबरी वायसर लावून पत्रे घट्ट केले. पाइप जुने, ३,२०० रुपये. हूक-वायसर १,४६०. मिस्त्री आणि हाताखालचा माणूस दोन दिवस, २,६००. पावसाळ्यातच हे केलं म्हणून महाग पडलं. उन्हाळ्यात मार्चच्या धक्क्यानंतर केलं असतं तर मजुरीत तरी बचत झाली असती.

आता कागदांचं. पडलेली भिंत मी लगेच उचलू दिली नाही, आणि हे फार उपयोगी पडलं. धक्क्यानंतर तासाभरात फोटो काढले होते: भिंत लांबून, जवळून, बाजूला टेप धरून, घराचा नंबर दिसेल असे. अर्ज तहसीलदारांच्या नावे, दोन प्रती, एकीवर पोच घेतली. सोबत आधार, पासबुक, ग्रामपंचायतीचा नमुना आठ, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा. तिथं पहिलं अडलं. नमुना आठवर घर अजून सासऱ्यांच्या नावे, ते जाऊन सहा वर्षं झाली. वारस नोंद आम्ही आज करू, उद्या करू म्हणत राहिलो होतो. मृत्यूचा दाखला होता. दोन्ही मुलांची संमती हवी होती की रक्कम आईच्या खात्यात जावी. भाऊजींची सही पोर्ट ब्लेअरहून स्पीड पोस्टानं यायला अकरा दिवस लागले. तुमचं घर अजून गेलेल्या माणसाच्या नावे असेल तर भूकंपाची, पुराची वाट पाहू नका.

पटवाऱ्यांकडे त्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नव्हती, सगळी रांग लाडकी बहिणीच्या दाखल्यांची. मग १७ ला आषाढी. ते १९ जुलैला आले, ग्रामसेवक आणि दोन पंच सोबत. कोठ्याकडे पाहून पहिलाच प्रश्न, “भिंत भूकंपानं पडली की पावसानं?” प्रश्न साधा नव्हता. पावसाची मदत त्या महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरहून जास्त पाऊस नोंदला असेल तरच बसते, आणि आमच्याकडे तेवढा नव्हता. भूकंप मात्र आपत्तींच्या यादीत आहेच. मी फोनमधले फोटो दाखवले, वेळेसकट. त्यांनी कारणाच्या रकान्यात “भूकंप” लिहिलं. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो रकाना वाचून घ्या आणि पंचनाम्याचा फोटो तिथंच काढून ठेवा. आम्ही कोठा म्हणतो, कागदावर तो “गोठा” असतो, हेही तेव्हा कळलं.

घराच्या तड्याचे पैसे मिळणार नाहीत हे त्यांनी तिथंच सांगितलं. निकष असा आहे की अंशतः पडझड किमान १५ टक्के हवी. तेवढी असती तर केंद्राच्या तेव्हाच्या निकषाप्रमाणे पक्क्या घराला ६,५०० आणि कच्च्या घराला ४,००० रुपये. गोठ्याला ३,०००. मला वाईट वाटलं. तडा गेलेल्या भिंतीखाली झोपणाऱ्या माणसाला टक्केवारी कळत नाही. पण पटवारी स्वतःहून हे सांगत होते आणि खोटी आशा लावत नव्हते, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

पुढं थांबणं. ऑगस्टमध्ये एका कार्यालयात फाइल “वर गेली” म्हणाले, दुसऱ्यात “आलीच नाही” म्हणाले. पोच असलेली प्रत दाखवल्यावर ती सापडली. सप्टेंबरच्या सुरुवातीला, पोळ्याच्या तोंडावर आमच्या भागात अतिवृष्टी झाली, शेकडो नवे पंचनामे आले, आणि आमची फाइल त्यांच्याखाली गेली. त्यात कोणाचा दोष काढू? ज्यांचं सगळं सोयाबीन पाण्याखाली होतं त्यांचं काम आधी व्हायलाच हवं होतं. १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली. दरम्यान सासूबाईंचं खातं आधारला जोडलेलं नाही हे बँकेत कळलं, त्यासाठी दोन फेऱ्या. एकूण झेरॉक्स, बस, स्पीड पोस्ट मिळून ३४० रुपये. कोठ्याची भिंत आम्ही वाट न पाहता दिवाळीआधी बांधली, कमरेपर्यंत विटा, वर पत्रा, ९,५०० रुपये. उत्तरेच्या भिंतीचा तडा मिस्त्रीनं साफ करून सिमेंटनं भरला, पण तो म्हणाला की हे भरणं आहे, मजबुती नाही. ती भिंत उतरवून नव्यानं बांधायची आहे. कापूस विकल्यावर.

२९ नोव्हेंबरला सासूबाईंच्या खात्यात ३,००० रुपये जमा झाले. त्यांनी पासबुक भरून आणलं आणि देवापाशी ठेवलं.

पाच दिवसांनी, ४ डिसेंबरला, सकाळी साडेसातच्या सुमाराला फोन वाजला. माझी धाकटी बहीण गडचिरोली जिल्ह्यात, सिरोंच्याला दिली आहे. “ताई, इथं आत्ता घर हाललं.” मी तिच्याशी बोलता बोलता ॲप उघडलं. ७.२७, तीव्रता ५.३, तेलंगणातलं मुलुगु. नदीपलीकडचंच, तिच्यापासून फार लांब नाही. ती घाबरली होती, रडत नव्हती. मी विचारलं, सगळे बाहेर आहात का, गॅस बंद केला का, वळचणीखाली कोणी उभं नाही ना. ती एकेक हो म्हणत गेली. मग मी विचारलं, “पत्र्यावर धोंडे आहेत का?”

“आमचा स्लॅब आहे ना ताई.”

“शेजारी?”

ती थांबली. तिच्या शेजारी एक म्हातारी बाई एकटी राहते, मला माहीत होतं. फोन चालूच होता. तिच्या चपलांचा आवाज आला, मग फाटक वाजलं, मग लांबून तिचा आवाज, “काकू, बाहेर या आधी. शिडी कुठं आहे तुमची?”